नायकाचे दैवत नाकारणारा धर्मगुरू

मूर्तिपूजा आणि ख्रिस्ती धर्म हा विषय निघाला, की मराठी वाचकाला एकोणिसाव्या शतकातील मिशनरी आणि १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी त्यांच्याशी वाद घालणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आठवतात. बायबलमधील दहा आज्ञांपैकी पहिल्या आज्ञेचा रोख मात्र पाषाणमूर्तीपुरता नाही. ईश्वराच्या आसनावर अन्य कोणालाही बसवू नये, असे ती बजावते. विसाव्या शतकात या आज्ञेचे मोल ज्यांनी प्राण देऊन चुकविले, त्यांत जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांचे स्थान मोठे आहे.

४ फेब्रुवारी १९०६ रोजी ब्रेस्लाऊ येथे (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) त्यांचा जन्म झाला. वडील विख्यात मनोविकारतज्ज्ञ, भावंडे आठ. घरात विद्येचा मान मोठा, चर्चला जाण्याचा रिवाज बेताचाच. तरीही या मुलाने धर्मशास्त्र निवडले आणि एकविसाव्या वर्षी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे न्यूयॉर्कमधील वास्तव्यात हार्लेमच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ते रमले.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. दोनच दिवसांनी बॉनहोफर यांचे आकाशवाणीवर भाषण झाले. अनुयायी नेत्याला दैवत बनवू पाहतात. त्याने ते रोखले नाही, तर वाट दाखविणारा वाट चुकविणारा ठरतो, असा त्याचा आशय होता. भाषण संपण्यापूर्वीच प्रक्षेपण तुटले. ते मुद्दाम तोडले की वेळ संपली, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.

हे नवे दैवत चर्चबाहेर राहिले असते, तर लढा सोपा होता. पण ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणविणाऱ्या गटाने त्याला आत आणले. ज्यू वंशाच्या धर्मगुरूंना दूर करण्याचा नियम चर्चमध्ये आला. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘कन्फेसिंग चर्च’साठी बॉनहोफर झटले. अहिंसक प्रतिकार शिकण्यासाठी त्यांना हिंदुस्थानात यायचे होते आणि गांधीजींनी १ नोव्हेंबर १९३४ च्या पत्राने त्यांना निमंत्रणही दिले. परंतु फिंकनवाल्डे येथील धर्मविद्यालयाची जबाबदारी आली आणि तो प्रवास राहूनच गेला. १९३७ मध्ये गेस्टापोने ते विद्यालयही बंद केले. पुढच्याच वर्षी धर्मगुरूंकडून हिटलरशी निष्ठेची शपथ मागण्यात आली आणि बहुसंख्यांनी ती घेतली. त्यांत बॉनहोफर यांचे सहकारीही होते. या घटनेने ते फार व्यथित झाले.

१९३९ मध्ये अमेरिकेत सुरक्षित राहण्याची संधी होती. ती सोडून काही आठवड्यांतच ते मायदेशी परतले आणि लष्करी गुप्तहेर खात्यातील हिटलरविरोधी कटात सामील झाले. अहिंसेचे धडे घेऊ इच्छिणाऱ्या माणसाचे हे पाऊल विसंगत वाटेल. या कृत्याचा दोष आपल्या माथी येतो, हे त्यांनी स्वतःही नाकारले नाही.

५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगात १९४४ च्या जूनमध्ये ते दहा आज्ञांपैकी पहिल्या तीन आज्ञांवर भाष्य लिहीत होते. पहिलीच फार कठीण वाटते, असे त्यांनी आपले मित्र एबरहार्ड बेट्गे यांना कळविले. धन, भोग, अहंकार या आधुनिक माणसाच्या मूर्ती, हा प्रवचनकारांचा नेहमीचा अर्थ त्यांना पटेना. तो त्यांना बायबलचा न वाटता नीतिपाठ वाटला. मूर्तीपुढे निदान माणूस नतमस्तक होतो. आजचा माणूस कशाचीच पूजा करीत नाही, मूर्तीचीही नाही, अशी त्यांची खंत होती. सारे राष्ट्र एका माणसाचा जयघोष करीत असताना त्यांनी हे लिहावे, हे चक्रावून टाकणारे आहे. कदाचित त्या जयघोषात त्यांना भक्तीऐवजी पोकळीच ऐकू आली असेल.

२० जुलैचा कट फसला आणि पुढे कागदपत्रांतून त्यांचा सहभाग उघड झाला. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. वय अवघे ३९. दोनच आठवड्यांनी अमेरिकी सैन्य तेथे पोहोचले. बंधू क्लाउस आणि दोन मेहुणेही त्याच महिन्यात मारले गेले. बर्लिनमधील आईवडिलांना डीट्रिखच्या मृत्यूची खात्री पटली ती २७ जुलै रोजी, लंडनमधील त्याच्या स्मृतिप्रार्थनेचे बीबीसीवरील प्रक्षेपण ऐकताना.