पिएर ब्यूदँ: अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दूध कसे पाजावे हे शिकवणारे डॉक्टर

तुमचे बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले असेल आणि एनआयसीयूमध्ये नळीने दूध घेत असेल, तर ते अंगावर कधी पिईल, हा प्रश्न तुमच्या मनात रोज येत असेल. सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमधील एका डॉक्टरांनी याच प्रश्नाचा ध्यास घेतला होता. त्यांचे नाव पिएर ब्यूदँ. त्यांनी जे पाहिले आणि केले, त्यातले बरेच काही आजही तुमच्या बाळाच्या उपयोगी पडते.

उबेनंतरचा प्रश्न

ब्यूदँ यांचा जन्म १८४६ मध्ये फ्रान्समध्ये झाला. ते प्रसूतितज्ज्ञ झाले आणि पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए या नामवंत डॉक्टरांच्या हाताखाली तयार झाले. कोंबडीची अंडी उबवण्याच्या पेटीवरून तार्निए यांना बाळांसाठी उबदार पेटी करण्याची कल्पना सुचली. १८८० च्या सुमारास ती पॅरिसच्या मॅटर्निते रुग्णालयात वापरात आली. त्यानंतर तेथील दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे मृत्यूचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले.

पण पेटी ऊब देते, पोट भरत नाही. फार लवकर जन्मलेल्या बाळाला चोखण्याची ताकद नसते. तोंडात दूध घातले तर ते श्वासनलिकेत जाऊन बाळ गुदमरू शकते. म्हणून तार्निए यांनी रबराची मऊ नळी तोंडावाटे पोटापर्यंत घालून थोडे थोडे दूध देण्याची पद्धत रूढ केली. दूध देऊन झाले की नळी काढून घेत.

ब्यूदँ यांनी काय पाहिले?

१८९५ मध्ये मॅटर्नितेतील अशक्त बाळांचा विभाग ब्यूदँ यांच्याकडे आला. बाळाला ऊब, योग्य आहार आणि संसर्गापासून संरक्षण हवे, या तीन गोष्टींवर त्यांनी भर दिला. आजारी बाळांना त्यांनी इतर बाळांपासून वेगळे ठेवले.

आहाराच्या बाबतीत त्यांचे मुख्य साधन होते वजनकाटा. अंगावर पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर बाळाचे वजन केले, की पोटात किती दूध गेले ते कळते. दूध कमी पडले तर बाळ निळे पडू शकते आणि जास्त झाले तर उलट्या-जुलाब होतात, हे त्यांनी नोंदवले. बाळ चोखू शकत असेल तर अंगावर, ते जमत नसेल तर चमच्याने आणि तेही जमत नसेल तर नळीने, अशा पायऱ्या त्यांच्या पद्धतीत होत्या. बाळाची ताकद वाढेल तसे त्याला पुन्हा अंगावर आणायचे. म्हणजे नळी हा मधला टप्पा होता. तुमच्या बाळाला नळी लावली आहे याचा अर्थ तुम्ही किंवा बाळ कुठे कमी पडलात असा नाही.

आई दूर गेली की दूध आटते

ब्यूदँ यांना सर्वांत मोठी काळजी वाटे ती आईची. बाळ पेटीत आणि आई घरी, असे झाले की दूध आटते आणि कधी कधी आईचा बाळावरचा जीवही उडतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून आईने बाळाजवळ राहावे, त्याला पाहावे आणि जमेल तेव्हा अंगावर घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. स्वतःचे बाळ चोखू शकत नसेल, तर दूध टिकावे म्हणून आईने दुसऱ्या धडधाकट बाळाला पाजावे, असेही ते सुचवत. संसर्गाच्या भीतीमुळे आज असे करत नाहीत. त्याऐवजी हाताने किंवा पंपाने दूध काढावे लागते.

घरी गेलेल्या बाळांचे वजन नियमित तपासता यावे म्हणून त्यांनी १८९२ मध्येच शारिते रुग्णालयात खास दवाखाना सुरू केला होता. १९०० मध्ये त्यांची व्याख्याने पुस्तकरूपाने आली. १९०२ मध्ये बालमृत्यू रोखण्यासाठी संस्था उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९०७ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले.

तुम्ही आज काय करू शकता?

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. पूर्ण जमायला आणखी काही आठवडे लागू शकतात. तोपर्यंत:

- दिवस-रात्र मिळून किमान आठ वेळा दूध काढा. रात्रीची वेळ चुकवू नका.
- डॉक्टरांनी परवानगी दिली, की बाळाला उघड्या छातीशी धरा (कांगारू मदर केअर).
- नळीने दूध देताना बाळाला रिकाम्या केलेल्या स्तनाशी चोखू देता येईल का, ते विचारा. यातून बाळाला चोखण्याचा सराव होतो.
- बाळ हात तोंडाशी नेत असेल, जीभ बाहेर काढत असेल किंवा तोंड वळवून शोधत असेल, तर परिचारिकेला सांगा.
- वाटी-चमच्याने पाजायला आधी परिचारिकेकडून शिकून घ्या. दूध तोंडात ओतू नका. बाळाला घोट घेऊ द्या, मध्ये थांबू द्या.

पाजताना बाळ निळे पडले, श्वास थांबला किंवा ठसका लागला, तर पाजणे लगेच थांबवा आणि मदतीला हाक मारा. हिरवी उलटी झाली किंवा पोट फुगले तरी ताबडतोब सांगा.

आज दोन घोट घेऊन बाळ थकून झोपले, तर उरलेले दूध नळीने द्यावे लागेल. त्यात काहीही वावगे नाही. शेजारच्या बाळाशी तुलना करू नका. तुमच्या बाळाच्या वजनाची नोंद रोज पाहा आणि ती डॉक्टरांकडून समजून घ्या.