चित्रातला ससा आणि माळावरचा ससा

बालवाडीच्या भिंतीवर ‘स’ सशाचा असतो. तो ससा बहुधा पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा व गाजर खाणारा, म्हणजे परदेशातील पाळीव जातीचा असतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या माळांवर गवतात अंग चोरून बसणारा तपकिरी ससा त्या भिंतीवर सहसा दिसत नाही. चित्रातला प्राणी आणि जमिनीवरचा प्राणी यांची ही फारकत वरवर किरकोळ वाटते. तिचे परिणाम मात्र किरकोळ नाहीत. सशांच्या एका कुटुंबाची गोष्ट लिहून जगभरच्या मुलांना लळा लावणाऱ्या बीट्रिक्स पॉटर यांचे चरित्र या संदर्भात मननीय आहे.

पॉटर यांचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनमधील एका सधन घराण्यात झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलीला शाळेत न पाठविता घरीच शिक्षिका ठेवून शिकविण्यात आले. सवंगड्यांची उणीव ससे, उंदीर आणि साळू यांनी भरून काढली. त्यांचे निरीक्षण करून चित्रे काढण्याचा छंद पुढे शास्त्रीय अभ्यासापर्यंत पोहोचला. अळिंब्यांच्या बीजाणूंवर त्यांनी लिहिलेला निबंध १८९७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला. परंतु स्त्रियांना त्या सभेत प्रवेश नसल्याने तो दुसऱ्याच्या हस्ते मांडावा लागला. विज्ञानाचे दार असे बंद झाले, तरी पाहण्याची शिस्त त्यांनी सोडली नाही.

त्यापूर्वी, सप्टेंबर १८९३ मध्ये, पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलाची करमणूक व्हावी म्हणून त्यांनी त्याला एक सचित्र पत्र धाडले होते. एका सशीणीची चार पिल्ले आणि आईची ताकीद मोडून शेजारच्या बागेत शिरणारा पीटर ही त्या पत्रातील गोष्ट. पुढे तिचे पुस्तक करण्याचे ठरले, तेव्हा अनेक प्रकाशकांनी नकार दिला. अखेर डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने रंगीत आवृत्ती काढली आणि पुस्तक हातोहात खपले. पुस्तक मुलांच्या चिमुकल्या हातांत मावावे आणि स्वस्त असावे, हा लेखिकेचा आग्रह होता. त्यातील पीटर कोट घालतो खरा. पण कोट उतरला की तो हाडामांसाचा ससा असतो. त्याचा बाप शेतकऱ्याच्या घरी रांधला गेला, हे कटू सत्यही पॉटर यांनी मुलांपासून लपविले नाही.

१९०५ साली प्रकाशक घराण्यातील नॉर्मन वॉर्न यांच्याशी त्यांचा विवाह ठरला. वर व्यापारी घरातला म्हणून आईवडिलांचा विरोध होता. पण महिनाभरातच नॉर्मन यांचे निधन झाले. त्याच वर्षी पॉटर यांनी इंग्लंडच्या वायव्येस, लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात हिल टॉप नावाचे शेत विकत घेतले. १९१३ मध्ये विल्यम हीलिस या स्थानिक वकिलाशी विवाह केल्यावर त्या तेथेच स्थायिक झाल्या. पुस्तकांचे उत्पन्न शेते विकत घेण्यात जाऊ लागले. लेखिका हळूहळू मेंढपाळ बनली. हर्डविक या काटक स्थानिक मेंढीची पैदास त्यांनी जातीने सांभाळली. २२ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ४,००० एकरांहून अधिक जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली. तेथील डोंगरी शेतांवर हर्डविक मेंढ्यांचे कळप कायम राहावेत, अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे त्यांनी कुंपणात कोंडलेले रान राखले नाही; माणूस, मेंढी आणि रानजीव यांचा जुना शेजार राखला.

हाच शेजार बारामती-इंदापूरच्या माळांवरही आहे. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि भिजणाऱ्या पट्ट्यात पुढे ऊस आला. ती समृद्धी नाकारण्याचे कारण नाही. परंतु कालव्याबाहेर पर्जन्यछायेतील माळ उरला, तो ओसाड नव्हे. तेथे चिंकारा चरतो, खोकड उंदीर टिपते, लांडगा पिल्ले वाढवतो आणि धनगरांची मेंढरेही तेथेच चरतात. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले; त्याचे क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर चिंकारा दिसतो. पण अशा जमिनीवर एकदा ‘पडीक’ हा शिक्का बसला, की तिच्यावर चर खणणे, दाट झाडे लावणे किंवा कारखाना उभारणे यांपैकी काहीही लोकांना पुण्यकर्म वाटू लागते. गवतावर जगणाऱ्या प्राण्याला दाट झाडी हे घर नव्हे, ही साधी गोष्ट सद्हेतूच्या भरात विसरली जाते.

लांडगा मेंढरू नेतो तेव्हा नुकसान धनगराचे होते. त्याची भरपाई वेळेवर झाल्याशिवाय संरक्षणाच्या गोष्टी त्याला सांगणे हा अन्याय ठरेल. पॉटर यांनी स्वतः मेंढ्या पाळल्या. मेंढपाळाला वगळून कुरण टिकत नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुस्तकांच्या मानधनातून डोंगर विकत घेणे शिक्षकाला वा कारकुनाला शक्य नाही. परंतु गायरानाचा विषय ग्रामसभेत निघाला असता तेथे काय जगते हे सांगणे त्याला शक्य आहे आणि वर्गातील मुलांना एकदा सकाळी माळावर नेणेही शक्य आहे. माळावरचा ससा बीळ खणत नाही, गवतातच पिल्ले वाढवतो, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिले, तर गवत गेले की घर गेले, हा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.