हजारोंचं माहेर

ऊसतोड सुरू झाली की आपल्या उंब्रजच्या आसपास रिकाम्या रानात कोप्या दिसायला लागतात. पाचटाचं छप्पर, तीन दगडांची चूल आणि झोळीत निजलेलं तान्हं मूल. एसटीच्या खिडकीतून आपण बघतो आणि विसरूनही जातो. मला मात्र ती झोळी बघितली की पंडिता रमाबाई आठवतात.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या डोंगरातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आलेल्या-गेलेल्याला जेवू घातलं आणि त्यातच सगळी पुंजी संपली. रमा अवघी सहा महिन्यांची असताना घर सुटलं. वेताच्या पेटीत घालून तिला डोंगरावरून खाली आणलं. पुढची कित्येक वर्षं या तीर्थावरून त्या तीर्थावर भटकण्यात गेली. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आई-वडील गेले, मागोमाग थोरली बहीण गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा वाळूत खड्डे करून अंगावर वाळू ओढून रात्र काढली. छप्पर नसणं म्हणजे काय, हे या बाईला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

१८७८ साली कलकत्त्यात त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. पण सुख टिकलं नाही. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, आणि १८८२ साली तेही कॉलऱ्याने गेले. पदरात तान्ही मनोरमा. पुढे पुणे, इंग्लंड, अमेरिका असा प्रवास करून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या तिथल्याच विद्यार्थिनी. सदन पुढे पुण्याला आलं. रमाबाई १८८३ सालीच ख्रिस्ती झाल्या होत्या. त्यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठं वादळ उठलं आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यावर मतं आजही वेगवेगळी आहेत.

खरी परीक्षा आली ती १८९६-९७च्या दुष्काळात. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती होती, शहरात इतक्या जणींना ठेवता येईना. पण बाई दूरदृष्टीच्या! सदनाला कायमचं उत्पन्न हवं म्हणून पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या केडगावात त्यांनी आधीच जमीन घेऊन फळझाडं लावली होती. त्याच माळावर आधी तात्पुरती छपरं पडली, विहिरी खोदल्या आणि १८९८ साली मुक्ती सदनाची पक्की वास्तू उभी राहिली. १९००च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास जणी होत्या.

मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पुढची. सगळ्यांना एकाच खोलीत कोंबून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या नि दुबळ्यांसाठी प्रीती सदन, अंध मुलींसाठी बार्तिमी सदन, अशी ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे सोय केली. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली. शेती, गाई, तेलाचा घाणा, विणकाम, छापखाना, जिला जे झेपेल ते काम दिलं. कुणी कुणाच्या उपकारावर जगायचं नाही, ही त्यामागची दृष्टी.

१९२१ साली उजवा हात असलेली मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन मात्र आजही चालू आहे.

मैत्रिणींनो, आज सरकारी घरकुल बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर मंजूर होतं, ही चांगलीच गोष्ट आहे. कागदावर आपलं नाव आहे ना, ते आधी बघून घ्या. पण चार भिंती आणि पत्रा एवढ्यानं घर होत नाही. पाणी किती लांब आहे, गुडघे धरलेल्या सासूबाईंना पायरी चढवते का, संडासात रात्री एकटीला जाता येतं का, घरातल्या बाईच्या हाताला काम आहे का? एवढं विचारूनच घर बांधायला हवं. रमाबाईंनी ते सव्वाशे वर्षांपूर्वी विचारलं होतं. गावातली एखादी टाकलेली लेक दारात उभी राहिली, तर आपणही निदान तेवढं विचारूया.