स्वामीजींच्या शाळेतील धडा

भगिनींनो, मी सातवीपर्यंतच शिकलेली. मंडळाच्या स्मरणिकेत चार ओळी लिही असा आग्रह झाला, म्हणून आमच्या नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थांविषयी लिहीत आहे. कारण मात्र घरातलेच आहे.

भिशीचे पैसे न्यायला शेजारीण आली होती. पैसे खर्च झाले होते. आई घरी नाही असे सांगायला मी धाकट्याला दारात पाठविले. पुढे आठ दिवसांनी त्याने गणिताची वही माझ्यापासून लपविली, आणि विचारले तर वही शाळेतच राहिली असे माझ्याच तोऱ्यात सांगितले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले!

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म १९०३ चा. १९२० साली लोकमान्य टिळक वारले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. त्या दिवशी त्यांनी लग्न न करता देशसेवा करण्याचे व्रत घेतले आणि शेवटपर्यंत पाळले. एवढ्याशा वयात असे व्रत! आपली मुले त्या वयात काय करतात, ते लिहीत नाही. पुढे कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. नंतर आजारपण आले आणि ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. हे गाव आताच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. तेथून पुढे अंबाजोगाईच्या शाळेत गेले. निजामाच्या राज्यात उघड बोलण्याची सोय नव्हती. मुले गुरुजींचे राहणे पाहत, त्यातूनच शिकत. त्यांतील कितीतरी पुढे मुक्तिसंग्रामात उतरले.

मला सर्वांत मोठे वाटते ते हे, की त्यांनी मुलांना पुढे करून आपण मागे राहणे पत्करले नाही. १९३८ च्या ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सुरुवातीच्याच एका तुकडीत ते स्वतः गेले व तुरुंगात पडले. १५ ऑगस्ट १९४७ ला सारा देश पेढे वाटत होता. त्या दिवशी निजाम सरकारने त्यांना पुन्हा पकडले. १७ सप्टेंबर १९४८ ला आपला मराठवाडा मोकळा झाला. पुढे ते लोकसभेतही गेले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांनी देह ठेवला.

हे सारे मी धाकट्याला पोळ्या लाटता लाटता सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आई, भिशीच्या मावशींना तू खरे कधी सांगणार?

परवा त्या आल्या. दार मीच उघडले. पैसे अजून जमले नव्हते, तसे सांगितले.