तारखांचा हिशेब लावणारे दीक्षित मास्तर

मुळशी तालुका म्हटले की जुन्या पिढीला १९२१ साली सुरू झालेला सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात, तर नव्या पिढीला ताम्हिणीचा पाऊस. याच तालुक्यातील हिंजवडीने मात्र गेल्या शतकाच्या अखेरीपासून संगणकांचे गाव म्हणून स्वतःची निराळी ओळख निर्माण केली. तेथे काम करणाऱ्या मंडळींना अधूनमधून एक चमत्कारिक अनुभव येतो. आज सकाळी आलेला ई-मेल यादीच्या अगदी तळाशी जाऊन बसतो आणि त्यावर तारीख असते १ जानेवारी १९७०, वेळ पहाटे साडेपाच! कधी परदेशातून आलेला निरोप साडेपाच तास पुढचा किंवा मागचा दिसतो. मग करारातील मुदत पाळली की चुकली, निरोप आधी आला की उत्तर आधी गेले, यावरून वाद सुरू होतात.

याचे कारण साधे आहे. पत्रावर तारीख घालतो तो पाठवणाऱ्याचा संगणक आणि तो ती आपल्या घड्याळाप्रमाणे घालतो. बहुतेक संगणक १९७० सालच्या आरंभापासून किती सेकंद लोटले ते मोजतात. मोजणी हरवली की शून्यावर येतात. शून्य म्हणजे ग्रिनिचची मध्यरात्र, आणि आपल्याकडे त्या वेळी पहाटेचे साडेपाच. कालविभाग चुकीचा निवडला असला तर घड्याळ बरोबर असूनही वेळ चुकते. जाणकार तंत्रज्ञ अशा वेळी पत्रावरच्या तारखेवर विसंबत नाही. पत्र वाटेत ज्या ज्या यंत्रांतून गेले त्यांनी मारलेले शिक्के तो तपासतो, मोजणी कोठून सुरू झाली ते पाहतो आणि मग खरी वेळ ठरवतो. लिहिलेली तारीख हा केवळ एक दावा असतो. त्याला स्वतंत्र साक्षीदाराची जोड मिळाली म्हणजे तो पुरावा ठरतो.

हीच पद्धत सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एका मराठी शिक्षकाने दगडांवर आणि ताम्रपटांवर कोरलेल्या तारखांना लावली होती. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुरूड या गावी झाला. समुद्रकाठचे हे छोटे गाव. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपणही याच गावात गेले. गावच्या शाळेत शिक्षण आणि त्याच्या जोडीला घरच्या परंपरेचे संस्कृत एवढ्या शिदोरीवर दीक्षित १८७० साली पुण्यास आले आणि ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. पुढे ते मॅट्रिकही झाले, परंतु विद्यापीठाची पदवी त्यांना मिळाली नाही. शिक्षण खात्यात नोकरी धरून रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा ठिकाणच्या शाळांत त्यांनी आयुष्याची वीस वर्षे घालवली. १८९४ साली ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक म्हणून परतले.

तो काळच मुळी वेळेच्या गोंधळाचा होता. आगगाडी मद्रासच्या वेळेने धावे आणि गावातील व्यवहार स्थानिक सूर्याच्या वेळेने चालत. पुण्याचा स्थानिक मध्यान्ह आणि मद्रासचा मध्यान्ह यांत सुमारे पंचवीस मिनिटांचे अंतर. साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ मिळाली ती १९०६ साली, दीक्षितांच्या मृत्यूनंतर.

पंचांगांचा गोंधळ त्याहून मोठा होता. महाराष्ट्रात वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते, गुजरातेत दिवाळीच्या पाडव्याला. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र तिकडे फाल्गुनात मोजली जाते. कोणी सरलेले वर्ष लिहितो, कोणी चालू वर्ष. त्यात शक, विक्रम, गुप्त, कलचुरी असे अनेक संवत. शिलालेखावर नुसता एक आकडा असला, तर तो कोणत्या आरंभबिंदूपासून मोजला आहे हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. १९७० चा आरंभ ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती संगणकाचे सेकंद दिले, तर त्याची जी गत होईल तीच गत त्या काळी इतिहास संशोधकांची होत होती.

गुप्त राजांचा प्रश्न सर्वांत बिकट होता. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, कुमारगुप्त हे राजे कोणत्या शतकात झाले याविषयी नामांकित विद्वानांत एकमत नव्हते. एडवर्ड थॉमस यांच्या मते गुप्त संवत इसवी सन ७८ च्या सुमारास सुरू झाला होता. अलेक्झांडर कनिंगहॅम तो इ. स. १६६-६७ वर नेत. अल्बेरुनीने मात्र हा संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो असे नोंदवले होते. त्या हिशेबाने आरंभ इ. स. ३१९-२० च्या आसपास येतो. मतामतांत दोन-अडीचशे वर्षांचे अंतर पडत होते. भारताच्या प्राचीन इतिहासाचा मधला खांबच असा हलता असेल, तर त्याच्या आधारे ठरवलेले कवी, ग्रंथ आणि लेणी यांचे काळही डळमळणारच.

मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जॉन फेथफुल फ्लीट हे गुप्तकालीन लेखांचा संग्रह सिद्ध करीत होते. त्यांना मंदसोर येथे एक महत्त्वाचा लेख मिळाला. रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीने बांधलेल्या सूर्यमंदिराचा तो लेख. कुमारगुप्ताच्या अमदानीत मालव संवत ४९३ मध्ये मंदिर बांधले, असे त्यावरून कळते. मालव संवत म्हणजेच विक्रम संवत. त्यातून ५७ वजा केले की इ. स. ४३६ येते. कुमारगुप्ताचे इतर लेख गुप्त संवत ९६ ते १२९ या वर्षांचे आहेत. संवताचा आरंभ ३१९-२० धरला तर ही वर्षे इ. स. ४१५ ते ४४८ येतात आणि ४३६ साल त्यांत नेमके बसते. आरंभ ७८ धरला तर कुमारगुप्त तिसऱ्या शतकाच्या आरंभीच संपून जातो.

आता गरज होती ती गणिती साक्षीची. फ्लीट यांना ती दिली दीक्षितांनी. त्या सुमारास ते बार्शीच्या शाळेत होते. मध्य प्रदेशातील एरण येथील स्तंभावर बुधगुप्ताच्या काळचा लेख आहे. त्यात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा उल्लेख येतो. वर्ष आणि तिथी यांच्या जोडीला वार असणे ही मोठी भाग्याची गोष्ट. वाराचे चक्र कोणत्याही पंचांगावर अवलंबून नसते, ते अखंड चालत आलेले असते. दीक्षितांनी गणित मांडले. १६५ मध्ये २४१ मिळवले की शके ४०६ येतो. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी इ. स. ४८४ च्या जून महिन्याच्या २१ तारखेला पडते आणि तो वार गुरुवारच येतो.

केवळ वार जुळला म्हणून निकाल लावणे धोक्याचे असते. सातांपैकी एकदा तो योगायोगानेही जुळेल. म्हणून एकाच लेखावर न थांबता दिनांकाचा तपशील देणारे इतर लेखही तपासले गेले. काही गुप्तकालीन लेखांत गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रातील संवत्सराचे नाव असते. त्या चक्राची रीत दीक्षितांनी प्राचीन ग्रंथांतून उलगडून दाखवली आणि तीही साक्ष याच बाजूची निघाली. ऐतिहासिक पुरावा आणि आकाशाचे गणित एकाच ठिकाणी येऊन मिळाले. १८८८ साली फ्लीट यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात दीक्षितांचे काम समाविष्ट झाले आणि गुप्त संवताचा आरंभ इ. स. ३१९-२० असा स्थिर झाला. आज शाळेच्या पुस्तकांत गुप्त राजांच्या नावापुढे जी साले छापतात, त्यांचा पाया हा आहे.

प्रत्येक संशोधकाला असे गणित करता येणार नाही, हे दीक्षित ओळखून होते. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांनी भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. तो १८९६ साली लंडनला प्रसिद्ध झाला. इ. स. ३०० ते १९०० या सोळा शतकांतील हिंदू आणि मुसलमानी तारखांचे इसवी सनात रूपांतर करण्याची कोष्टके त्यात आहेत. बखरी, सनदा, महजर आणि शिलालेख वाचणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या या कोष्टकांवर वाढल्या.

त्याच १८९६ साली त्यांचा मराठी महाग्रंथ ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ पुण्यात प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत या देशात आकाशाचा अभ्यास कोणी, कसा आणि कोणत्या साधनांनी केला, याचा तो क्रमवार इतिहास आहे. दीक्षितांनी विखुरलेल्या हस्तलिखितांचा शोध घेतला, ग्रंथकारांचे काळ त्यांच्याच गणितावरून ठरवले, आणि जेथे परंपरा चुकली तेथे तसे स्पष्ट लिहिले. पुढे या ग्रंथाची हिंदी आणि इंग्रजी भाषांतरे झाली. कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवतात या शतपथ ब्राह्मणातील उल्लेखावरून त्या निरीक्षणाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असावा, असे त्यांनी मांडले. लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ सालचा. तेव्हा हा विषय विद्वानांत ऐन चर्चेत होता. दीक्षितांच्या या अनुमानाविषयी आजही मतभेद आहेत, परंतु त्याला टाळून पुढे जाता येत नाही.

विद्वानांसाठी लिहिणारे दीक्षित सामान्य वाचकाला विसरले नाहीत. रात्रीच्या आकाशाची गोडी लावणारे ‘ज्योतिर्विलास’ हे त्यांचे पुस्तक १८९२ सालचे. शिक्षकाचा पिंड त्यात पानोपानी दिसतो.

गतकाळाच्या तारखा दुरुस्त करणे विद्वानांना रुचले. चालू काळाच्या तारखांना हात लावणे मात्र लोकांना रुचणारे नव्हते. जुन्या सिद्धांतग्रंथांतील वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटे मोठे आहे. ही चूक साठ वर्षांत एक दिवसाची होते. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला, आणि संक्रांत आपण करतो जानेवारीच्या मध्यावर. असेच चालू राहिले तर काही हजार वर्षांनी वसंतातले सण पावसाळ्यात जातील. म्हणून विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह दीक्षितांनी ऋतूंशी जुळणाऱ्या सायन पंचांगाचा पुरस्कार केला. ते पंचांग छापूनही निघू लागले. परंतु घरातील व्रते, श्राद्धे आणि मुहूर्त एकदम तीन आठवडे अलीकडे आणण्यास समाज तयार झाला नाही. केरूनाना छत्रे यांच्या पंचांगाचे अनुयायी वेगळे आणि जुन्या पंचांगांचे अभिमानी वेगळे. गणित बरोबर असले तरी ज्या दिवशी शेजारी सण करतो त्याच दिवशी आपण करावा ही ओढ अधिक बळकट असते. दीक्षितांची ही बाजू त्यांच्या हयातीत पडती राहिली.

त्यांचे आयुष्यही थोडके ठरले. दोन्ही मोठे ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच वर्षांनी, एप्रिल १८९८ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ४४. पगार शिक्षकाचा, वेधशाळा नाही, मदतनीस नाही, बदल्या मात्र ठरलेल्या. या परिस्थितीत केलेले हे काम आहे.

स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष ऋतूंशी जुळणारे, म्हणजे सायन आहे. तिच्या गणितासाठी साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांश धरला जातो. आपल्या प्रमाणवेळेचाही तोच. हिंजवडीतून निघणाऱ्या प्रत्येक पत्रावर ग्रिनिचपुढे साडेपाच तास अशी जी खूण उमटते, ती याच रेखांशामुळे. मात्र घराघरांत सण अजून जुन्या पद्धतीनेच ठरतात, आणि सरकारी कागदावरच्या शक तारखेकडे आपण क्वचितच पाहतो.

चुकीची तारीख दिसली की आपण यंत्राला दोष देऊन मोकळे होतो. दीक्षित अशा वेळी तीन गोष्टी विचारीत: मोजणी कोठून सुरू झाली, लिहिणारा कोणत्या प्रदेशाची रीत पाळत होता, आणि त्याच्याशी संबंध नसलेला दुसरा साक्षीदार कोण. पत्र दगडावरचे असो वा पडद्यावरचे, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून त्यावरची तारीख खरी मानू नये, एवढा धडा तरी या मास्तरांकडून आपण घ्यावा.