लंगोटावरचा काळा डाग

लंडनमध्ये १९०१ साली एका बाळाच्या जन्मानंतर परिचारिकेला वेगळेच काम सांगितले होते. प्रत्येक लंगोट नीट पाहायचा. तिसऱ्या दिवशी त्यावर डाग दिसला आणि तो काळा पडत गेला. बाळाच्या थोरल्या भावाची लघवीही अशीच काळी पडे. हे काम सांगणारे डॉक्टर होते आर्चिबाल्ड गॅरॉड.

‘अल्काप्टोन्युरिया’ नावाचा हा दोष आतड्यांतल्या जंतूंमुळे होतो, असा तेव्हा समज होता. पण दोन दिवसांच्या बाळाला तो कसा व्हावा? शिवाय मुलांचे आईवडील एकमेकांची सख्खी चुलत-मावस भावंडे होती. अशा इतर काही कुटुंबांतही हेच नाते आढळले. मेंडेलचे नियम नुकतेच पुन्हा उजेडात आले होते. आई आणि वडील, दोघांकडून सदोष वारसा आला तरच असा दोष दिसतो, हे विल्यम बेटसन यांनी ओळखले.

गॅरॉड १८५७चे. गाउटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक आम्ल वाढते, हे त्यांच्या वडिलांनीच दाखवले होते; रसायनशास्त्र घरातलेच म्हणायचे. १९०२च्या लेखात त्यांनी मोठी झेप घेतली. चेहऱ्यांसारखीच प्रत्येकाच्या शरीराची रासायनिक घडणही वेगळी असते. एखादे औषध एखाद्यालाच सोसत नाही, त्यामागेही हेच असावे. पुढे त्यांनी मांडले की अन्नातले टायरोसिन पचवण्याच्या साखळीतले एक विकर या रुग्णांत नसते, म्हणून आधीचा पदार्थ साचून लघवीत उतरतो. १९०९मध्ये पुस्तकही आले. डॉक्टरांना ते दुर्मीळ आजारांचे वाटले, आनुवंशिकीवाल्यांनी फारसे पाहिले नाही.

दरम्यान पहिल्या महायुद्धात त्यांचे दोन मुलगे गेले, तिसरा युद्ध संपल्यावर फ्लूने. १९२०मध्ये ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. १९३६मध्ये ते वारले. मुलगी डोरोथी तीन वर्षांनी केंब्रिजची पहिली महिला प्राध्यापक झाली.

रुग्णाच्या यकृतात ते विकर खरोखरच नाही, हे १९५८मध्ये सिद्ध झाले. त्याच सुमारास क्षयाच्या आयसोनियाझिडबाबत दिसले की काहींचे यकृत ते झटपट निकामी करते, काहींचे सावकाश. सावकाशवाल्यांच्या हातापायांना मुंग्या येण्याचा धोका जास्त. यकृत ‘साफ’ करणाऱ्या काढ्यांच्या जाहिरातींत हा फरक कुठे दिसत नाही. इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकांचेही तसेच आहे. त्यांचे काम झाल्यावर शरीर त्यांच्यावर टप्प्याटप्प्याने प्रक्रिया करते. त्यातल्या ‘सीओएमटी’ या विकराचा वेग जनुकातल्या एका बारीक बदलाने कमी-जास्त होतो. हा काही आजार नव्हे. धडधाकट माणसांतही तो सर्रास असतो.