भाभा, तारापूर आणि मी हरलेला वाद

गेल्या सत्रात आंतर-हाउस वादविवाद स्पर्धेचा विषय होता, अणुऊर्जा ही स्वच्छ ऊर्जा आहे का. मी होकाराच्या बाजूने बोललो. शेवटी ठासून सांगितले की डॉ. होमी भाभांनी देशाला स्वच्छ वीज मिळावी म्हणून आयुष्य वेचले. समोरच्या हाउसच्या सीनियरने एवढेच विचारले, की भाभांनी असे कुठे म्हटले आहे? मला उत्तर देता आले नाही आणि आम्ही हरलो. त्यानंतर लायब्ररीत भाभांवर मिळेल ते मी वाचत गेलो.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन पारशी घरात झाला. मुलाने केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअर व्हावे आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात होते. वडिलांनी अट घातली, आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, मग हवे ते शिक. १९३० मध्ये त्यांनी ती अट पुरी केली. (हा भाग मी रविवारच्या फोनवर बाबांना वाचून दाखवला. ते नुसते हसले.)

विश्वकिरणांवरच्या संशोधनाने त्यांचे युरोपात नाव झाले. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि महायुद्ध पेटल्याने इथेच राहिले. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या विभागात त्यांनी काम सुरू केले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून संशोधन संस्थेसाठी मदत मागितली. पुढे अणूपासून वीज निघू लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, असा त्यांचा विचार होता. हिरोशिमाला तेव्हा सतरा महिने अवकाश होता! त्या पत्रातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे अप्सरा अणुभट्टी सुरू झाली.

आमच्याकडे भाभांचे नाव निघाले की मुले बॉम्बविषयी बोलतात. मला शोधायचे होते ते विजेबद्दल. तिथे सापडले ते वेगळेच. भाभांचा मुख्य मुद्दा धूर किंवा हवामान हा नव्हता, तो कोळशाच्या अंतराचा होता. खाणी पूर्वेकडे, बिहार-बंगालात, आणि कारखाने मुंबई-गुजरातकडे. एवढा कोळसा रेल्वेने वाहून आणण्यापेक्षा पश्चिम किनाऱ्यावर अणुवीज परवडेल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून तारापूर. शिवाय आपल्याकडे युरेनियम थोडे, पण केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम भरपूर. ते वापरता यावे म्हणून त्यांनी तीन टप्प्यांची योजना आखली. तिसरा टप्पा अजून आलेला नाही.

सीनियरचा प्रश्न बरोबर होता, हे मला इथे मान्य करावे लागते. अणुभट्टीच्या चिमणीतून कार्बन जात नाही हे खरे, पण तो आजच्या काळाचा मुद्दा आहे आणि मी तो भाभांच्या तोंडी घातला होता. वापरलेले इंधन हजारो वर्षे किरणोत्सारी राहते, हे तर मी भाषणात बोललोच नव्हतो.

भाभांच्या संस्थेतच त्यांना विरोध करणारा माणूस होता, हे मला सर्वांत आवडले. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गोव्याचे. भाभांनीच त्यांना बोलावून घेतले होते. ते पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला कामावर येत. इतके ऊन पडणाऱ्या देशाने सूर्याची वीज करावी, अणूच्या मागे लागू नये, असे ते उघडपणे मांडत. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. हे वाचून मला भाभांबद्दल थोडे वाईट वाटले.

आकड्यांतही भाभा चुकले. १९८० पर्यंत ८,००० मेगावॅट अणुवीज होईल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्या वर्षी तारापूर आणि राजस्थानचे रावतभाटा मिळून १,००० मेगावॅटही नव्हती. आजही देशातली सुमारे तीन टक्केच वीज अणूपासून येते. पण भाभा नसते तर तेवढी तरी आली असती का, असेही मनात येते. मी अजून अणुऊर्जेच्याच बाजूचा आहे, फक्त आता भाषण वेगळे लिहीन.

भाभा चित्रे काढत, पाश्चात्त्य संगीत ऐकत, आणि बांधकामाच्या आड आलेले झाड तोडण्याऐवजी मुळांसकट दुसरीकडे लावायला सांगत. त्यांनी लग्न केले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी ते व्हिएन्नाच्या बैठकीला निघाले होते. त्यांचे एअर इंडियाचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ११७ जण गेले. ज्युनियर मुले यात परदेशी कट सांगतात. चौकशीत मात्र विमान नेमके कुठे आहे याबद्दल वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यात गैरसमज झाल्याचे आढळले.

त्याच वर्षी २९ जूनला कोसंबी पुण्यात वारले. तारापूरची वीज १९६९ मध्ये सुरू झाली.